वाईची एक पंगत

वाई हे क्षेत्र आहे, आणि तेथील घाट, देवळे व कृष्णामाई ह्यांचे वर्णन आजवर इतक्या अधिकारी लेखण्यांनी केले आहे की, त्यात माझ्यासारख्या संसारी बाईने चार ओळींची भर घालू म्हटल्यास ते धाडसच ठरेल. मी लिहिणार आहे ते गेल्या माघातील एका शनिवाराविषयी, आणि त्या दिवशी वाईस घडलेल्या एका जेवणाविषयी. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर. पहाटे निघाले तर भूक लागण्यापूर्वी मनुष्य कृष्णेवर हातपाय धुऊ शकतो. हे एवढेसे अंतर तोडावयास आम्हांला मात्र सहा वर्षे लागली. ती का लागली, हे प्रथम सांगितले पाहिजे.

लग्नानंतरची पहिली दहा वर्षे आम्ही सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात काढली. समोरच्या बिऱ्हाडी अण्णा आणि माई राहत. नाते काही नाही. परंतु नात्याने जे मिळत नाही ते त्या दोघांनी आम्हांस दिले. पुरण कितपत घट्ट आटवावे हे मी माईंकडून शिकले, आणि माझी दोन्ही बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली झाली. अण्णा एका माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक होते. ३४ वर्षे त्यांनी त्या एकाच विषयाची सेवा केली. आमची कन्या शाळेत जाण्याजोगी झाली, तेव्हा त्यांच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत जागा भरलेल्या असता अण्णांनी आपला शब्द टाकून तिला प्रवेश मिळवून दिला. जन्मात स्वतःसाठी कोणाकडे शब्द न टाकणाऱ्या माणसाचा तो शब्द होता.

पुढे दीड वर्षाने आम्ही मुलीला शाळेतून काढून घरी शिकवावयास आरंभ केला.

शाळेवर आमचा राग नव्हता. तिच्या बाई मनाने भल्या होत्या. परंतु एका वर्गात साठ मुले, तेथे त्या एकट्या काय करणार! घरी दिवसाला शंभर प्रश्न विचारणारी आमची पोर दुसरीत जाईपर्यंत मुकी झाली. काही न कळले तर ती ते लपवू लागली. मग आम्ही उभयतांनी पुष्कळ रात्री विचार केला आणि तिचे नाव काढले. हे आराखड्यांचे काम घरी बसून करतात, त्यामुळे ते शक्य झाले. धाकट्या चिरंजीवांनी तर शाळेचा उंबरठा अद्यापि ओलांडलेला नाही. सकाळचे तीन तास नेमाने अभ्यास. गणित व मराठी माझ्याकडे, विज्ञान व भूगोल ह्यांच्याकडे. दुपारी वाचनालय, शिवण, सुतारकाम किंवा स्वयंपाकघर, असा आमचा क्रम आहे.

नाव काढल्याचे अण्णांना कळले त्या संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. त्यांनी एवढेच म्हटले, "आमच्या शाळेत विष नव्हतं हो," आणि ते वर गेले. त्यांच्या निवृत्तीस तेव्हा एकच वर्ष उरले होते. ते सरल्यावर ती दोघे वाईच्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेली. भांडण झाले नाही, बोलणे तुटले नाही; दिवाळीस फराळाचा डबा व पाडव्यास नमस्कार पोहोचत असे. परंतु 'जेवायला या' हा शब्द मात्र दोन्ही बाजूंनी नाहीसा झाला. ज्यांच्या घरी आपण न सांगता पाटावर जाऊन बसत होतो, त्यांना नमस्कार कळवणे ही किती जड गोष्ट आहे, हे ज्याने अनुभवले असेल त्यासच कळेल.

संक्रांत होऊन दोन आठवडे झाले असतील. माईंचा फोन आला. "गुळाच्या पोळ्या तुझ्या हातच्या घेऊन ये. बाकीचं मी बघते. पोरांना हळद शिजताना दाखवू. शनिवारी या." मी ह्यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "पोळ्या किती करणार? चाळीस कर."

स्वारगेटहून सकाळची एस.टी. मिळाली. महिलांस निम्मे भाडे घेण्याची सवलत मार्च २०२३ पासून राज्यात सुरू झाली असल्यामुळे मी आणि कन्या अर्ध्या तिकिटात, आणि चिरंजीव वयाने नऊ म्हणून तेही अर्ध्या तिकिटात. आमच्या कुटुंबात पूर्ण मनुष्य असे एकटे हेच निघाले! चिरंजीवांनी लगेच हिशेब करून, आपण चौघे मिळून अडीच माणसे होतो, असे सर्व गाडीस ऐकू जाईल अशा स्वरात जाहीर केले.

शेजारच्या बाकावरील एका आजीबाईंनी मुलांकडे पाहून विचारले, "शनिवारची सकाळची शाळा बुडवलीत वाटतं?"

कन्या म्हणाली, "आम्ही घरीच शिकतो, आजी."

"अगंबाई! नापास झालीस का?"

असे प्रश्न आता आमच्या अंगवळणी पडले आहेत. मी हसून विषय बदलला. परंतु ज्यांच्याकडे चाललो होतो तेही निराळ्या शब्दांत हेच विचारतील की काय, ह्या विचाराने पोळ्यांचा डबा मांडीवर उगाच जड लागू लागला.

कात्रज मागे पडला. सारोळ्याजवळ नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. नद्यांनी आखलेल्या अशा सीमा नकाशावर दाखवणे निराळे, आणि पुलावरून जाताना 'आता संपला, आता लागला' असे मोजणे निराळे. शिरवळ, खंडाळा झाले आणि गाडी खंबाटकीच्या घाटाला लागली. माथ्यावरून पलीकडे उतरताना हवा बदलते, कृष्णेचे खोरे जवळ आल्याची चाहूल लागते. सुरूरच्या फाट्यावर पुणे–सातारा हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेस वळली. जुन्या वडांपैकी उरलेल्या वडांची सावली अधूनमधून काचेवरून सरकत होती, आणि समोर पांडवगडाचा कातळमाथा दिसू लागला होता.

वाईच्या स्थानकावर अण्णा स्वतः उभे होते. केस पार पांढरे झालेले, खांद्यावर तीच कापडी पिशवी. मी वाकून नमस्कार केला. "औक्षवंत हो," म्हणाले, आणि पुढे काय बोलावे हे दोघांसही न सुचून आम्ही एस.टी. वेळेवर आली ह्याविषयी जरुरीपेक्षा अधिक बोललो.

वाटेत घाटावर महागणपतीचे दर्शन घेतले. सरदार गणपतराव रास्ते ह्यांनी १७६२ मध्ये बांधलेले हे मंदिर. आतील मूर्तीच्या भव्यपणामुळे लोक त्यास ढोल्या गणपती म्हणतात. दर्शन झाल्यावर अण्णांनी मुलांना देवळाच्या मागील बाजूस नेले. तेथील भिंत सरळ नाही. दोन्ही अंगांनी निमुळती होत जाऊन मध्ये तिला धार आलेली आहे, जणू माशाचे तोंडच.

"भिंत अशी का बांधली असेल?" त्यांनी विचारले. कन्येने तोंड उघडले न उघडले तोच चिरंजीव म्हणाले, "पुराचं पाणी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून!" उत्तर बरोबर होते. अण्णांनी मान डोलावली. परंतु त्यांची नजर क्षणभर कन्येकडे वळली, हे माझ्या ध्यानात आले.

माईंनी ठरविल्याप्रमाणे अण्णा आम्हांस तसेच मेणवलीच्या बाजूस घेऊन गेले. वाईपासून तीनचार किलोमीटरवर कृष्णेकाठी नाना फडणवीसांचे हे गाव. त्यांचा वाडा, त्यामागचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि घाटावरील मंडपीत टांगलेली प्रचंड घंटा पाहण्यास लोक येतात. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात. चित्रपटवाल्यांनाही ह्या घाटाची गोडी आहे. २००४ मधील 'स्वदेस' चित्रपटातील गाव पुष्कळसे येथलेच. घंटेचा आवाज नदीपलीकडे किती वेळाने पोहोचेल ह्यावर बापलेकांत वाद सुरू झाला, तो मी मध्ये पडून थांबविला.

परतताना एका शेताच्या बांधावर धूर दिसला. तेथेच हळद शिजत होती.

हळद आपण रोज चिमटीने वापरतो, पण ती डब्यात येईपर्यंत तिचा प्रवास किती लांबचा! अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेले पीक नऊ महिने जमिनीत राहते. पाने पिवळी पडून वाळली म्हणजे ती कापून जमीन खणतात. मधला मोठा तो जेठा गड्डा. त्याला बोटांसारखी फुटलेली ती हळकुंडे. दोन्ही निराळी करून धुतात आणि पाण्यात शिजवितात. आता पुष्कळ ठिकाणी वाफेचे यंत्र आले आहे. ह्या शेतकऱ्याचे पीक थोडे, म्हणून त्याने वडिलांची लोखंडी काहील काढली होती. फेस येऊन हळदीचा वास सुटला की हळकुंडात काडी टोचून पाहावयाची. ती सहज आरपार गेली की हळद शिजली. मग पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग पिंपात घोळवून वरची साल काढणे, मग बाजार.

कन्या काहिलीशी उभी राहून त्या शेतकऱ्यास प्रश्न विचारीत होती. "शिजवायची कशाला? नुसती वाळवली तर?" त्याने काही सांगितले. ती म्हणाली, "मला कळलं नाही, काका. पुन्हा सांगता?" त्याने पुन्हा सांगितले. "अजून नीट कळलं नाही." तिसऱ्या वेळी त्याने एक कच्चे हळकुंड व एक शिजलेले, अशी दोन्ही मोडून तिच्या हातावर ठेवली. कच्चे आत फिकट व कडेला गडद. शिजलेल्याचा रंग सर्वत्र सारखा पसरलेला. शिवाय शिजलेली हळद लवकर आणि सारखी वाळते. पोरीचा चेहरा उजळला. पाच भाग ओल्या हळदीची एक भाग वाळलेली होते असे त्याने सांगितल्यावर, त्या काहिलीतल्या चार क्विंटलांचे शेवटी ऐंशी किलोच उरणार हे तिनेच काढले. आणि मग हळद एवढी महाग का, ह्याचे उत्तरही तिचे तिला मिळाले. अण्णा बांधावर बसून हे सर्व पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

गावात परत येताना प्राज्ञपाठशाळेचा विषय निघाला. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, ह्यांनी चालविलेली ही पाठशाळा वाईचे भूषण होय. ह्यांना बोलावयास निमित्तच हवे होते. हे म्हणाले, "अण्णा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इंग्रजी शाळा-कॉलेजांत शिकले नाहीत, तरी मराठी विश्वकोश त्यांच्याच हाताखाली ह्या गावात उभा राहिला. विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेस मुंबईला म्हणून निघाले, ते सुरतेस उतरून काशीस गेले. आणि पुढच्याच वर्षी येथे येऊन शास्त्रे शिकले. पंडिता रमाबाईंनी तर सगळी विद्या आईबापांपाशी मिळविली."

अण्णा चालता चालता थांबले. "अरे, तर्कतीर्थ शाळेत गेले नाहीत कसे? चौदाव्या वर्षी घर सोडून ते ह्याच पाठशाळेत आले. गुरू होते, सहाध्यायी होते. विनोबाही इथे कशाला आले? घरी बसून उपनिषदं वाचता आली नसती का? आणि रमाबाईंचं म्हणशील, तर आईपाशी शिकलेल्या त्या बाईंनी १८८९ मध्ये मुंबईत पहिलं काय केलं? शारदासदन काढलं. म्हणजे शाळाच काढली की नाही?"

ह्यांनी हसून हात जोडले. मलाही हसू आले, परंतु ते ओठांपुरतेच होते. घरच्या शिक्षणाच्या समर्थनार्थ ही तिन्ही नावे आम्ही इतक्यांदा उच्चारली होती. आणि त्या तिघांच्याही चरित्रातला पुढचा अर्धा भाग आम्ही सोयीने गाळीत आलो होतो, हे कोणी आम्हांस दाखविले नव्हते. दाखविणारा मनुष्य सहा वर्षे आमच्या जेवणाच्या पाटावर नव्हता, हेच त्याचे कारण.

घरी पोहोचलो तो माईंच्या स्वयंपाकघरातून गोड्या मसाल्याचा वास येत होता. भरली वांगी, पावट्याची उसळ, तोंडली घातलेला मसालेभात, टोमॅटोचे सार, आणि ओल्या हळदीचे ताजे लोणचे. मी पदर खोचला आणि कोणी न सांगता कोशिंबिरीची काकडी चोचवावयास बसले. माईंनी विळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मीठ आयत्या वेळी घाल, नाहीतर पाणी सुटेल." सहा वर्षांपूर्वीही त्या नेमके हेच म्हणत. माझे डोळे भरून आले ते काकडीने खास नव्हे. चिरंजीव मध्येच येऊन लुडबुडू लागले, तेव्हा माईंनी त्यांच्या तळहातावर ओल्या हळदीचा रस चोळून वर चुन्याचे बोट लावले. पिवळ्याचे लाल झाले. "पूर्वीचं कुंकू हळदीचंच करीत," त्या म्हणाल्या, आणि चिरंजीव तो हात सर्वांस दाखवीत सुटले.

बाराच्या सुमारास सकाळची शाळा सुटली आणि घरात पाच मुले शिरली. अण्णा निवृत्तीनंतर गल्लीतील मुलांस शनिवारी दुपारी गणित सांगतात, हे आम्हांस तेव्हा कळले. त्या दिवशी त्यांचेही जेवण तेथेच होते. कोणी शेजारच्या वकिलांचा, कोणी दुकानदाराचा. एक दहा वर्षांची मुलगी तर नुकत्याच पाहिलेल्या त्या काहिलीवर लाकडे सारणाऱ्या बाईंची. ह्याच गावात, ह्याच घरात, माईंच्या सासूबाईंच्या काळी कोणी कोणत्या ओळीत बसावे, आणि कोणी अंगणातच थांबावे, ह्याचे नियम कडक होते. माईंनी ते नियम मोडल्याचा कधी उच्चार केला नाही. त्यांनी सरळ अकरा पाने एका ओळीत मांडली आणि त्या मुलीला माझ्या चिरंजीवांच्या शेजारी बसविले.

पंगतीत श्लोक म्हणण्याची चाल अण्णांनी सोडलेली नाही. मात्र ज्यास जे येते ते त्याने म्हणावे अशी मुभा असते. कोणी श्लोक म्हटला, कोणी कविता. कन्येने संस्कृतातील वारांची नावे म्हटली आणि मध्ये एक चुकली. सगळे हसले, तीही हसली. चिरंजीवांनी एक लांबलचक स्तोत्र न अडखळता म्हटले व शाबासकी घेतली. मग त्या मुलीची पाळी आली. ती म्हणाली, "एकोणतिसाचा पाढा." एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, इथवर ती आली आणि थांबली. तिने डोळे मिटले.

"दोनशे तीन!" आमचे चिरंजीव ओरडले.

मुलीने डोळे उघडले आणि पानाकडे खाली पाहिले. पुढे म्हणेना.

मला प्रथम वाटला तो, लपविण्यात अर्थ नाही, अभिमान. क्षणभरच वाटला. मग त्या पोरीचे तोंड दिसले आणि माझ्या हातातील घास हातातच राहिला. कारण तेच तोंड मी पूर्वी पाहिले होते. दुसरीतून घरी येणाऱ्या माझ्या स्वतःच्या मुलीचे.

अण्णा शांतपणे म्हणाले, "बाळ, तुला येतं हे आम्हांला कळलं. आता पाळी तिची आहे. आपण थांबू." आणि ते खरोखरच थांबले. हात पानावरून मागे घेऊन बसले. माईंची वाढण्याची पळी थांबली. सारी पंगत थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. मला तो फार लांब वाटला. मग ती मुलगी हळूच पहिल्यापासून म्हणू लागली, एकोणतीस एके एकोणतीस, आणि चौऱ्याहत्तरावर न थांबता दोनशे तीन, दोनशे बत्तीस, दोनशे एकसष्ट करीत दाहे दोनशे नव्वदापर्यंत जाऊन पोहोचली. "वा!" अण्णा म्हणाले, "आता माई, मसालेभात." चिरंजीवांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी वाढलेली गुळाची पोळी त्यांनी अर्धी मोडून शेजारच्या पानात ठेवली. ती त्या मुलीने खाल्ली.

जेवणानंतर मुले अंगणात गेली आणि आम्ही ओसरीवर बसलो. अण्णांनी सुपारी कातरीत विचारले, "पुढं काय? दहावीचं?" ह्यांनी सांगितले की, १४ वर्षे पूर्ण झाली म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसता येते, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा जो शिक्षण हक्काचा कायदा आहे, त्यात घरच्या शिक्षणाविषयी स्पष्ट तरतूद नाही, हेही त्यांनी लपविले नाही. अण्णांनी सर्व ऐकून घेतले.

"परीक्षेची मला काळजी नाही," ते म्हणाले. "तुझा मुलगा हुशार आहे. पण घरातला प्रत्येक प्रश्न त्याचाच असतो. शाळेत एक गोष्ट मुलाला फुकट मिळते: आपल्याला येत असलेलं उत्तर गिळून दुसऱ्याची वाट पाहणं. आम्ही ती शिकवीत नाही. साठ मुलांत ती आपोआप शिकावी लागते." मग थोडे थांबून, अडकित्त्याकडेच पाहत म्हणाले, "आणि तुझी मुलगी. त्या काहिलीशी ती तीन वेळा म्हणाली, 'मला कळलं नाही.' चौतीस वर्षांत माझ्या वर्गात हे वाक्य तीन वेळा म्हणणारं मूल मला आठवत नाही. भीत असतील. तेवढा दोष माझा."

मला राहवेना. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकला होता. आम्ही तो वाया घालवला."

"शब्दाचं काही नाही गं. शब्द परत घेता येतो. मला ते कारकुनानं सांगितलं. भर कचेरीत, दाखल्याचा कागद दाखवून. 'तुमच्या शेजाऱ्यांनी नाव काढलं, माहीत नाही तुम्हांला?' म्हणाला. समोर राहत होतो आपण. मधे एक जिना होता."

म्हणजे सहा वर्षे मी जे दुःख मुलीच्या शाळेचे समजत होते, ते शाळेचे नव्हतेच. मी खरे ते सांगितले. सांगावयास आले असते तर त्यांनी आम्हांस थांबविले असते, आणि त्यांनी थांबविले तर मी थांबले असते, ह्या भीतीने मी तो जिना चढले नाही. चूक माझी, ह्यांची नव्हे. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आत माई पितळेची भांडी पुसून ठेवीत होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी ते म्हणाले, "थांबवलं असतंच. म्हणूनच विचारायला यायचं असतं." आणि त्यांनी कातरलेली सुपारी पूर्वीसारखी प्रथम माझ्या हातावर ठेवली.

शाळा वाईट की घर चांगले, हा वाद येथे सोडविण्याचा माझा विचार नाही. आम्ही आजही घरीच शिकवितो. परंतु घर हे शिक्षणाचे स्थान करावयाचे, तर त्याची दारे शाळेहून अधिक उघडी ठेवावी लागतात, हे मला त्या ओसरीवर कळले. आपले मत ज्यांना पटत नाही अशा माणसांपासून मुलांना वाचविणे सोपे असते. त्यात आपलाही जीव वाचतो. परंतु मुलाचे जे उणे आईबापांच्या प्रेमळ दृष्टीस दिसत नाही, ते दिसते दुसऱ्याच्या पंगतीत, आणि दाखवितो तोच, ज्याचे आपल्यावर प्रेम आहे पण आपल्या मतावर नाही.

निघताना माईंनी रिकाम्या डब्यात हळदीचे दोन जेठे गड्डे घातले, अक्षय्यतृतीयेस कुंडीत लावण्यासाठी. अण्णा स्थानकापर्यंत आले. "फाल्गुनातल्या पहिल्या शनिवारी सकाळी या," ते चिरंजीवांस म्हणाले, "मुलांना पाढे म्हणून घ्यायला मला मदतनीस हवा. म्हणायचे त्यांनी, ऐकायचे तू."

गाडी सुटली. खंबाटकी येईपर्यंत दिवस मावळला होता. शेजारच्या एका गृहस्थांनी मुलांकडे पाहून नेहमीचा प्रश्न केला, "कितवीत रे तुम्ही?" चिरंजीवांचे ओठ हलले, मग त्यांनी बहिणीकडे पाहिले, आणि ते गप्प राहिले. कन्या खिडकीशी झोपली होती. ते गृहस्थ उत्तराची वाट पाहत होते, चिरंजीव बहीण जागी होण्याची वाट पाहत होते. आणि डब्याला लागलेला ओल्या हळदीचा वास सगळ्या बाकावर दरवळत होता.